फुलांचा माळ आणि दोन खुर्च्या

मी, खाली सही करणार, या गल्लीतल्या दोन खुर्च्यांच्या केशकर्तनालयाचा मालक, वय वर्षे एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि हात स्थिर असताना (आज सकाळीच पोस्टमनची दाढी केली, एक ओरखडा नाही, तो खाली साक्षीला आहे) हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायकोचे आहे, पण ते जुने असल्याने धरायचे नसते, असे वकीलबाई म्हणाल्या.

यापूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र, ज्यात धाकट्या भावाला फक्त केरसुणी ठेवली होती, ते रद्द समजावे.

दुकान आज बंद आहे, पोस्टमनची दाढी तेवढी साक्षीपुरती केली. वकीलबाई पहिल्या खुर्चीत बसून लिहून घेत आहेत. दुसऱ्या खुर्चीमागे धाकटा वस्तरे पुसतोय. आम्ही दोघे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाही. जे सांगायचं ते खुर्चीतल्या गिऱ्हाइकामार्फत सांगतो. आता गिऱ्हाईक नाही, तेव्हा हे काम वकीलबाईंच्या गळ्यात पडलं आहे.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि माझ्याबद्दलच्या सर्व तक्रारी बायकोच्या नावे. पैकी तक्रारी आधीपासून तिच्याच ताब्यात आहेत. बँकेतली शिल्लक निम्मी तिला, निम्मी मुलीला. मुलीचा वाटा मुलीच्याच हातात द्यावा, जावईबापूंच्या हातून पाठवू नये.

कलम २. दुकानामागची मोकळी जागा मी कधीकाळी दुसरं दुकान काढायला घेतली होती. दुकान काही झालं नाही. गल्लीने तिथे मोडके पलंग आणि फुटकी बेसिनं टाकली. मग एका वर्षी समोरच्या शिंपीणबाईंनी रस्त्याकडेच्या रानफुलांचं बी पदरात बांधून आणलं आणि सगळ्या गल्लीने मिळून तो उकिरडा उपसला. बी टाकण्याआधी वरची काळी माती आम्ही खरवडून काढली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला, माणसं माती आणून टाकतात आणि हा काढून टाकतोय. पण रानफुलांचं तसंच असतं. जमीन चांगलंचुंगलं खाऊ लागली की गवत माजतं आणि फुलांना डोकं वर काढू देत नाही.

सदर जागा, म्हणजे आताचा फुलांचा माळ, गल्लीतल्या रहिवासी मंडळाच्या नावे करत आहे. तिच्यावर फरशी, डांबर वा गाडी येता कामा नये. मी तापाने पडलो असताना जावईबापू टेप घेऊन तिथे किती गाड्या मावतील ते मोजून आले. आजारी माणसाला भेटायला येताना लोक फळं आणतात.

कलम ३. माळ वर्षातून एकदाच कापावा, तोही बी गळून पडल्यावर. कापलेलं गवत दोन-चार दिवस तिथेच वाळू द्यावं, म्हणजे राहिलेलं बी झडतं, आणि मग सगळं उचलून न्यावं. मी जन्मभर लोकांना "आणखी बारीक करू का?" असं विचारलं. माळाला ते विचारू नये. "जरा नीटनेटकं ठेवा की," असं गल्लीतले शाळामास्तर येता-जाता म्हणतात. त्यांच्या अस्ताव्यस्त मिशा मी रोज बघतो.

कलम ४. आता धाकट्याचं. सात वर्षांपूर्वी माळ ऐन भरात होता. पुढच्या वर्षी बघतो तर कमरेइतकं गवत आणि खाजरी झुडपं, फूल औषधाला नाही. कारण कळेना. मग एक दिवस मी जरा लवकर दुकानात आलो, तर हा बाबा दुकानातले झाडलेले केस गोणीतून माळावर पसरत होता. वर्षभर पसरत होता. केसांचं खत फार जोरकस असतं असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो बसला. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येत नाही, असं वकीलबाईंचं मत पडलं.

दरवर्षी कापून, उचलून, जमिनीचा माज उतरवावा लागला. पहिलं निळं फूल परत आलं ते धाकट्यानेच आधी पाहिलं. पोस्टमन तोंडभर फेस लावून माझ्या खुर्चीत बसला होता. धाकटा त्याला म्हणाला, "त्यांना सांगा, निळं आलं." मी पोस्टमनला तसाच सोडून मागे धावलो.

कलम ५. दुकान, दोन्ही खुर्च्या, कात्र्या, वस्तरे आणि माळ कापायचा लांब दांड्याचा विळा धाकट्याच्या नावे. त्याच्याइतका सरळ विळा गल्लीत कोणाला चालवता येत नाही. हे मी जिवंतपणी बोलणार नव्हतो, पण तो ऐकतोच आहे.

"वकीलबाई, त्यांना सांगा, विळ्याचा दांडा ढिला आहे," असं धाकटा म्हणाला. नोंद करावी की दांडा ढिला नाही.

कलम ६. माझी राख माळावर टाकायची असं गल्लीने परस्पर ठरवलं आहे. शिंपीणबाई तर त्या विचारानेच एकदा रडून झाल्या. त्यांचं प्रेम मला कळतं. तरी सक्त मनाई. राख म्हणजे खतच. जन्मभर ज्या जमिनीला उपाशी ठेवलं तिला मेल्यावर खायला घालून मी गवत माजवणार नाही. मग राख कुठे टाकावी हे मात्र सुचेना, म्हणून तेवढी जागा कोरी सोडा, असं मी वकीलबाईंना सांगितलं.

धाकट्याचं वस्तरे पुसणं थांबलं होतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "गच्चीवर माझे टोमॅटो आहेत. त्यांना घालू?"

वकीलबाईंकडे न बघता म्हणाला. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत, समोर आरसा असताना लपवणार तरी कसे.

"घाल," मी म्हटलं. "पण थोडी थोडी. तुला हात आवरत नाही."

कोरी जागा त्याप्रमाणे भरली आहे.

हे मला वाचून दाखवलं, मला समजलं, आणि यापुढे यात फेरफार नाही.

सही: केशकर्तनालयाचा मालक

साक्षीदार: १. पोस्टमन २. समोरच्या शिंपीणबाई

(वारसाने साक्षीला सही करायची नसते, म्हणून धाकट्याने केली नाही. तेवढ्या वेळात त्याने विळ्याचा दांडा घट्ट केला.)

स्थळ: दुकान, पहिली खुर्ची
दिनांक: माळाच्या कापणीचा आदला दिवस, सोमवार