फेसाच्या बंगल्यातले अप्पासाहेब

कल्याण, रेल्वेची चाळ,
पौष वद्य, शके १८०८

तीर्थरूप मामांच्या पायांवर भाचा नीळकंठ डोके ठेवतो. (साष्टांग म्हटले असते, पण उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला आहे, तेव्हा तूर्त सातच अंगे जमेस धरावीत. कारण पुढे येईलच.) इकडे सर्व खुशाल लिहावे तर खोटे होईल, आणि खुशाल नाही लिहावे तर मामी रडत बसतील, म्हणून सर्व मंडळी जिवंत आहेत एवढेच लिहितो. आपला दमा कसा आहे? पेणेस यंदा थंडी फार, असे ऐकतो. अडुळशाचा काढा मधातून घेत जावा आणि पहाटेस तळ्यावर जाण्याचा हट्ट सोडावा. मामींची दाढ काढली की तशीच आहे? काळ्या गाईला कालवड झाल्याचे वाचून आम्हां उभयतांस आनंद झाला. अप्पासाहेबांस झाला की नाही ते सांगवत नाही, कारण पत्र आले तेव्हा ते घरी नव्हते. ते कोठे होते हे कळवण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे. आपण हे पत्र भिंतीला टेकून वाचावे, अशी विनंती आहे.

आमचे सासरे अप्पासाहेब दिवाळीनंतर हवापालटासाठी पुण्याहून आमच्याकडे आले, हे आपणांस ठाऊक आहेच. सासूबाई गेल्यापासून गृहस्थाने बोलणेच टाकले होते. जेवायला बसले तर मीठ हवे असले तरी मागत नसत, नुसते पानाच्या डाव्या बाजूकडे पाहत. बोलत ते फक्त सभेत, आणि तेही दारूच्या विरुद्ध. हेडमास्तरकी सोडल्यावर त्यांनी ती मद्यपाननिषेधक मंडळी काढली, आपण तिला सहानुभूतीचे पत्रही पाठवले होते. इथे आल्यावर आठ दिवस ते खिडकीतून शेडातल्या इंजिनांचा धूर पाहत बसले. मग एके दिवशी दिवेलागणीला वाऱ्याबरोबर वाजंत्रीचा आवाज आला, तशी मान वळवून त्यांनी मला विचारले, की हे कोणाचे लग्न? मी भोळेपणाने सांगितले, की लग्न नव्हे, स्टेशनापलीकडे गोऱ्या ड्रायव्हरांसाठी एक पेयगृह आहे, तेथे बँड वाजतो व बीर नावाचे पेय मिळते. गावातले लोक त्याला फेसाचा बंगला म्हणतात. (हे मला कसे ठाऊक, असे आपण विचाराल. पार्सल ऑफिसात असल्यावर माणसाला पुष्कळ नको त्या गोष्टी ठाऊक होतात.) अप्पासाहेब म्हणाले, मी इतकी वर्षे दारूवर बोललो, पण पिणारा माणूस जवळून पाहिला नाही, न पाहता दोष देणे हा अन्याय आहे. आणि पागोटे घालून उभे राहिले.

सासऱ्याला एकट्याला तशा जागी पाठवणे बरे दिसले नसते, म्हणून मी बरोबर गेलो.

मामा, मला पहिला धक्का बसला तो हा, की तेथे कोणीही गटारात पडलेले नव्हते. मंडळींच्या पत्रकावर चित्र असते त्यात बायको रडत असते, पोरे उपाशी असतात आणि एक मनुष्य हात वर करून पालथा पडलेला असतो. येथे स्वच्छ सारवलेली जमीन, बाके, टेबले, टांगलेले कंदील आणि दिवसभर कोळसा खाल्लेली माणसे पाय पसरून बसलेली. बंगला चालवते ती लुर्दसबाई नावाची ठाण्याकडची ख्रिस्ती बाई, लाल लुगडे, कपाळ मोकळे, अंबाड्यात अबोली. तिचा नवरा सिल्वेस्टर हा बाळकुमचा शेतकरी. भात झोडून झाले की फिडल काखेत मारून इकडे येतो. त्याच्या जोडीला एक क्लारनेटवाला, एक पितळी कर्णेवाला आणि ढोलावर त्याचा धाकटा भाऊ ह्युबर्ट. अप्पासाहेबांचे पागोटे पाहून सगळे बाकांवरून उठले. लुर्दसबाईने पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला आणि, मोठे पाहुणे आले म्हणून, त्यांच्यापुढे एक भला मोठा काचेचा पेला ठेवला. मधाच्या रंगाचे ते पेय, वर दूध उतू जावे तसा फेस, आणि वास भिजवून मोड आलेल्या धान्यासारखा.

आता पंचाईत पाहा. अप्पासाहेब तर त्याला बोट लावणार नाहीत. पेला तसाच ठेवावा, तर त्या बाईने मान राखला त्याचा अपमान. ओतून द्यावा, तर जमीन नुकतीच सारवलेली. अप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. जगावर हलाहलाचे संकट आले तेव्हा ते कोणी पिऊन टाकले, हे आपणांस मी सांगायला नको, आणि माझे नाव आत्याबाईंनी ठेवले तरी सुचवले होते आपणच. मी डोळे मिटले. (कडू आहे. पण मागाहून तितके कडू वाटत नाही.) दुःखाची गोष्ट ही, की रिकामा पेला दिसताच लुर्दसबाईने, पाहुण्यांना आवडली असे समजून, तो पुन्हा भरला.

इतक्यात सिल्वेस्टरने फिडल हनुवटीखाली धरली. ते गाणे कसले होते मला ठाऊक नाही. पाण्यावरची होडी जशी हिंदकळते तसे ते एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करीत हिंदकळत होते, आणि ड्रायव्हर मंडळी बुटांनी ठेका धरून माना डोलवत होती. मी अप्पासाहेबांकडे पाहिले, की आता निषेधाचे काही टिपून घेतात की काय. त्यांची बोटे टेबलावर चालली होती. आपणांस आठवत असेल, त्यांचे वडील कीर्तनकार, आणि लहानपणी त्यांच्यामागे मृदंग धरीत ते अप्पासाहेबच. सासूबाई पहाटे भूपाळी म्हणत तेव्हा हे अंथरुणातूनच मांडीवर ठेका देत, असे आमच्या घरातून, म्हणजे त्यांच्या मुलीचे, सांगणे आहे. ती बोटे दोन वर्षे थांबलेली होती. त्या रात्री घरी येऊन जेवताना ते म्हणाले, "ढोलवाला तिसऱ्या मात्रेला झोप काढतो." आणि मीठ मागितले. आमच्या घरातून वाढता वाढता पळी तशीच हातात राहिली.

मग रोजचे सुरू झाले. दिवे लागले, की निरीक्षण अजून अपुरे आहे असे म्हणून अप्पासाहेब पागोटे घालत, मी मागून. ते संगीताचे निरीक्षण करीत, मी पेल्यांचे. आणि मग तो दिवस उजाडला, की ह्युबर्टला थंडीताप भरला, ढोल कोपऱ्यात पडून राहिला, आणि बँड लंगडत चालू लागला. सिल्वेस्टर मधेच थांबून आमच्या टेबलाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "बामनदादा, तुमी बोटा टेबलावर मारतान, ती आमच्या ढोलावर मारा. टेबलाचा कोनाला ऐकू येते?"

मामा, मी अप्पासाहेबांचा उपरण्याचा काठ धरला. शपथेवर सांगतो, धरला. पण काठ माझ्या हातात राहिला आणि माणूस ढोलाकडे गेला. पुण्याच्या मंडळींचे अध्यक्ष, शास्त्रार्थाला बसणारे गृहस्थ, अंगरख्याच्या बंदाची गाठ सैल करून, ख्रिस्ती फिडलवाला आणि कर्णेवाला यांच्यामध्ये बसले, आणि काठ्या बाजूस ठेवून ढोल हातांनी वाजवू लागले. मृदंगाचे कातडे चालते तर ढोलाचे का चालू नये, असा त्यांचा कोटिक्रम मागाहून मला ऐकावा लागला. त्या हिंदकळत्या गाण्याला त्यांनी एकच बोल तीनदा फिरवून तिय्या लावला, सिल्वेस्टर त्याच्यावर बरोबर समेवर येऊन पडला, आणि नॉर्मन नावाचा एक धिप्पाड ड्रायव्हर, जो आंबिवलीच्या बाजूला गाडी नेताना शिट्टी देऊन सगळ्या चाळीची झोप मोडतो, तो टेबलावर मूठ आपटून रडू लागला. माझ्यापुढे त्या वेळी किती पेले होते याची मला शुद्ध नाही, इतका मी हादरून गेलो होतो.

घरी येऊन मी सगळा प्रकार आमच्या घरातून यांच्या कानावर घातला आणि म्हटले, आता वडिलांना पुण्याला पोचवलेले बरे. त्या चुलीपुढून उठल्याही नाहीत. "अप्पा आज आंघोळ करताना गुणगुणत होते," इतकेच म्हणाल्या. "त्यांना पोचवायचं तर मला आधी पोचवा." मुलीच्या जातीला वडिलांपुढे धर्म दिसत नाही, हे मला तेव्हा कळले.

पण गावाला दिसतो. पारनाक्यावर बातमी फुटली, आणि तिसऱ्याच दिवशी गावातल्या ब्रह्मवृंदाचे पुढारी दीक्षित आमच्या दारात येऊन उभे राहिले. (आत आले नाहीत. पायरीवरून बोलले.) त्यांचे म्हणणे असे, की अप्पासाहेब बाटले आणि त्यांच्या पंक्तीचे आम्हीही बाटलो, वैशाखात चिरंजिवांची मुंज आहे, तिला गावातला एकही ब्राह्मण पाटावर बसणार नाही, एकही सवाष्ण अक्षत टाकणार नाही. मामा, मुलाची मुंज राहिली तर मी कोणत्या तोंडाने पेणेस यावे? अप्पासाहेब आतून ऐकत होते. बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, की मी काही प्यालो नाही, आणि हे साऱ्या गावासमोर सिद्ध करीन. रामाच्या देवळात मद्यपाननिषेधाची जंगी सभा भरवतो.

सभेला माणसे येत नाहीत, ही मंडळींची जुनी अडचण. पुण्यातही व्याख्यानाला अध्यक्ष, चिटणीस आणि दिवे लावणारा एवढेच असत. म्हणून अप्पासाहेबांनी ठरवले, की पारनाक्यापासून देवळापर्यंत वाजतगाजत मिरवणूक काढावी. आणि कल्याणात वाजवणारे म्हणून त्यांना बंगल्यातलेच लोक ठाऊक. सिल्वेस्टरला विचारले तेव्हा त्याला गहिवरून आले. दादांच्या देवाला फुकट वाजवू, म्हणाला. ह्युबर्टही तापातून उठून ढोल गळ्यात अडकवून आला.

आणि काय सांगू, सारे कल्याण लोटले. सराफ आले, वकील आले, मामलेदार कचेरीतले कारकून आले, बुरूड, तांबट, भंडारी सगळे आले. दीक्षित स्वतः छत्री उघडून सर्वांपुढे, म्हणजे अप्पासाहेब काय सिद्ध करतात ते जवळून पाहावे म्हणून. बँड वाजू लागला. ठेका असा, की वकिलांचेसुद्धा जोडे आपोआप त्यावर पडू लागले. देऊळ आले. अप्पासाहेबांनी थांबण्यासाठी हात वर केला. मागच्या लोकांना वाटले, की ते ताल देत आहेत, त्यांनीही हात वर केले. सिल्वेस्टर डोळे मिटून फिडलीत बुडालेला, तो देवळावरून तसाच पुढे निघाला. बँड पुढे, दीक्षित त्याच्यामागे, गाव दीक्षितांमागे. बाजारपेठ गेली. शेणाळे तळे डावीकडे टाकून मिरवणूक स्टेशनाकडे वळली, तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि मी ओरडत पुढे धावलो. पण कर्ण्यापुढे माझे कोण ऐकणार? बंगल्याच्या पायऱ्यांवर दीक्षितांना अडवायला गेलो तो पाय निसटून गुडघ्यावर आपटलो, आणि सारी मद्यपाननिषेधक मिरवणूक मला ओलांडून आत गेली.

सिल्वेस्टरने डोळे उघडले तो आपल्याच घरात. मागाहून त्याने मला कानाला हात लावून सांगितले, की वाजवत निघालो की पाय घरचीच वाट धरतात, त्यांना देऊळ काय ठाऊक.

लुर्दसबाई मात्र गांगरली नाही. एवढे थोर लोक उन्हातून चालत आलेले पाहून तिने भराभर पेले मांडले. लिंबूसोडा होता, मामा. मी नाकाने खात्री करून घेतली. दीक्षितांच्या घशाला कोरड पडली होती, छातीचा भाता चालला होता. पहिला पेला त्यांच्या हातात आला आणि विचार सुचण्याआधी रिकामा झाला. त्यांच्यामागून सराफ प्याले, वकील प्याले, कारकून तर दोन-दोन प्याले. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आले, की आपण कोठे उभे आहोत आणि कोणाच्या हातचे प्यालो. असे शांत कल्याण मी कधी पाहिले नव्हते.

त्या शांततेत अप्पासाहेब बाकावर चढले आणि त्यांनी आपले व्याख्यान केले. दारूने संसार कसा बुडतो, लिव्हर कसे सडते, सगळे. दार अडवून नॉर्मन उभा असल्यामुळे कोणी उठून गेले नाही. मंडळींच्या इतिहासात श्रोत्यांनी शेवटपर्यंत ऐकलेले हे पहिले व्याख्यान. नॉर्मन इतका हेलावला, की त्याने तेथेच बीर सोडण्याची शपथ घेतली, आणि मग मला हळूच विचारले, की शपथ आजपासून लागू होते की पहिल्या तारखेपासून.

दुसऱ्या दिवशी दीक्षित पुन्हा आमच्या पायरीवर आले. या वेळी आत आले. पाटावर बसले, पाणी मागितले, आणि मुंजीला वैशाख शुद्ध पंचमी चांगली आहे असे म्हणाले. बहिष्कार घालायला गावात बाहेरचे असे कोणी उरलेच नव्हते, हे ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. अप्पासाहेब खिडकीत बसून बोटांनी चौकटीवर कसलातरी ठेका बसवत होते.

तरी मामा, झाल्या प्रकाराने मी आतून पार हादरलो आहे. धर्म कोठे चालला आहे, हे समजत नाही. मुंजीला आपण व मामींनी आठ दिवस आधी यावे. अप्पासाहेबांचा आपणांस नमस्कार, चिरंजिवांचा शिरसाष्टांग. लोभ आहेच, तो दम्याच्या बेताने वाढवावा.

आपला आज्ञेतला,
नीळकंठ

ता. क. — लिहायचे मुख्य तेच राहिले. भुसावळेस माझ्या बदलीचा हुकूम आला आहे. आपले स्नेही मुंबईच्या ट्राफिक ऑफिसात हेडक्लार्क आहेत. त्यांना शब्द टाकून तो रद्द करवावा. माझ्यासाठी नव्हे. अप्पासाहेबांस इकडची हवा मानवते, आणि त्यांच्यापुढे पेले येतात तेव्हा कोणीतरी जबाबदार मनुष्य शेजारी असणे अवश्य आहे.

दुसरे ता. क. — वरील विनंती तूर्त राहू द्यावी. आत्ताच नॉर्मन येऊन सांगून गेला, की भुसावळेस असाच बंगला आहे, याच्या दुप्पट, आणि तेथल्या बँडचा ढोलवाला विलायतेस परत गेला आहे. मुंज आटोपली की बदली लगेच होईल असे आपल्या स्नेह्यांनी पाहावे. अप्पासाहेबांनी आजच वळकटी बांधायला घेतली आहे.

तिसरे ता. क. — आमच्या घरातून विचारणे आहे, की भुसावळच्या बंगल्याला मागच्या अंगाला ओटा आहे का, हे आपल्या स्नेह्यांकडून कळेल काय. इथे आहे म्हणे. लुर्दसबाई तेथे चटई घालून देते, आणि दिवेलागणीला देवाला म्हणून निघालेल्या बायका, त्यांत दीक्षितांची मंडळीही, पहिल्या दिवसापासून तेथे बसून बँड ऐकतात. मामा, हे मला आत्ता, हे पत्र लिहिताना कळते आहे. त्या ओट्यावरून आमचे टेबल अगदी समोर दिसते, असे त्या म्हणतात.