मुक्या कॉम्प्युटरला वाचा फुटली

आदरणीय व्याहीबुवांना वाकून (गुडघा परवानगी देतो तितकं) नमस्कार. आपली सर्दी, विहीणबाईंची कंबर आणि आमच्या लेकीचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

कळवायला छाती फुगते, की आमच्या कॉम्प्युटरला आवाज आला. नात बोलायला लागली, आणि आपल्या घरून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर आम्ही तीन रविवार तिचे नुसते हलणारे ओठ बघत होतो. जीव तुटायचा हो. जावईबापू (म्हणजे आपलेच चिरंजीव) फोनवर म्हणाले, ते लिनक्स (कॉम्प्युटर चालवणारी, आतून उघडून बघता येणारी फुकटची प्रणाली) काढा आणि सगळे वापरतात ते घाला. आता तुम्हीच सांगा, मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. ज्याचं मागचं झाकण उघडून बघता येत नाही, असं यंत्र मी घरात ठेवू? शब्द देऊन बसलो: पुढच्या रविवारी आवाज, नाहीतर तुमचं ऐकतो.

सोमवारी साउंडचा ड्रायव्हर (कॉम्प्युटर आणि साउंड कार्ड यांच्यातला दुभाष्या समजा) शोधून घातला, तर स्क्रीनच काळी पडली. मंगळवार ती उजळण्यात गेला. बुधवारी इंटरनेटवरच्या एका भल्या माणसाने सांगितलं, की हा ड्रायव्हर तुमच्या कार्डाचा नव्हेच. दुसरा घातला. यादीत कार्डाचं नाव झळकलं, आवाजाचा मात्र पत्ता नाही. मग मी इरेला पेटलो. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून (सवय, दुसरं काय) एकेक फाइल ओळीने तपासली, चार वेळा सगळं काढून पुन्हा घातलं. शनिवारी त्या भल्या माणसाने सहज विचारलं, म्यूट काढलंय ना? नवा ड्रायव्हर आवाज बंद ठेवूनच सुरू होतो म्हणे. एक बटण दाबलं आणि असा टणत्कार झाला की हिच्या हातातली बशी गेली. काल नात 'आबा' म्हणाली. मला रडू आलं, लपवत नाही.

विजयी मुद्रेने,
आपला व्याही

ता. क.: नातीपाठोपाठ आपण म्हणालात, "तुमचं बोलणं आम्हाला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय." माईक कॅमेऱ्यातच असतो आणि त्याचं या ड्रायव्हरशी काही देणंघेणं नसतं, हे मला आत्ता कळलं. आम्हाला ऐकू येत नाही म्हणजे तिकडेही जात नसेल, अशी आमची समजूत. तेव्हा त्या तीन रविवारी, हसऱ्या चेहऱ्याने, मी आपल्या नव्या केसांच्या टोपाबद्दल जे जे बोललो, ते पोटात घालावं. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. २: हिने पत्र वाचलं. विहीणबाईंबद्दल बोललेला एकही शब्द मागे घेणार नाही म्हणते. त्यांना काय उत्तर द्यायचं ते रविवारी खुशाल द्यावं, आता आम्हाला ऐकू येतं.