खर्रा सोडला, इस्क्रू बसवले

११ जानेवारी, रविवार
पयले बुधरी टपकली. शेजारीन. पाहुने आमच्या नातीले, रंजीताले, पाहाले येनार अन् ही बाई त्याईच्या आधी खुर्चीवर! मंग पाहुने आले मोहर्लीवरून. पोरगा राजदीप, जंगल सफारीची गाडी चालवते, अन् त्याची माय रुखमाबाई. पोरगा देखना. पन हासला अन् मले मळमळलं. लाल दात! सुपारी, तंबाखू, चुना, सारा खर्रा दातात बसलेला. छी.

रंजीता नर्स हाय, तोंडावर बोलते. म्हने खर्रा सुटन तर लग्न, नाई तर चहा पिऊन जा. रुखमाबाई म्हने, वा बाई, अन् तुमची आजी? पानी देतानी वास आला मले. मी ताडकन म्हनलं, मी तर सोडला! एवढ्या जोरानं म्हनलं का कवळी सुटून तिच्या पोह्यात पडली.

तिनं प्लेट सरकवली. म्हने दोघंही सोडा, पोरगा अन् आजी. एप्रिलमधी येतो. दोघाईचं तोंड साफ दिसलं का साखरपुडा. राजदीप म्हने, आजी सोडन तर मी बी सोडतो. गोड पोरगं! मले पाहून सुधरून राह्यलं.

१३ जानेवारी
कवळीचा वीट आला. हिरडी सोलते, खाली भात अडकते, बोललं का कटकट वाजते. गिलासात काढून ठेवली तर पान्यावर शीत तरंगत होतं. बुढ्यानं न पाहता तेच पानी पेलं. दिवसभर थुकत हाय. (नवऱ्याचं नाव मी घेत नाई. लिहिलं तर चालते: गुणवंतराव.) पोरगा हेमराज म्हने, चाल माय, चंद्रपूरले इस्क्रूवाले दात लावू.

२० जानेवारी
इस्क्रू बसले! खालच्या जबड्यात, दोन. डॉक्टरबाई रंजीताएवढीच. म्हने तीन महिने हाड इस्क्रूले धरू द्या, मंग त्यावर कवळी टच्च बसन, भुट्टा खा. पन तंबाखूले हात लावाल तर हाड धरनार नाई. म्हनलं, बाई, मी तर सोडला. हेमराज खोकलला.

येतानी एस.टी.त समोरच्यानं खिडकीतून पिचकारी मारली. शिंतोडे माह्या पदरावर. कसे गलिच्छ लोकं असतेत.

२ फेब्रुवारी
खर्रा पूर्ण बंद. बुढ्याले घोटून देते तेवढाच. प्लास्टिकच्या पन्नीवर घासाले त्याचे हात दुखते. चुना जास्त झाला तर तोंड भाजन बिचाऱ्याचं, म्हनून चिमटीभर चाखून पाह्यते. चाखनं म्हनजे खानं नाई. भाजीचं मीठ पाह्यलं तर जेवन झालं काय?

१९ फेब्रुवारी
राजदीपचा फोन. म्हने आजी, हात कापते, डोकं ठनकते. काल वाघ रस्त्यात बसला होता, सारे टुरिस्ट फोटो काढून राह्यले अन् मले डोळ्यासमोर पानठेला दिसे. म्हनलं, बाबू, मन घट्ट कर. माह्याकडं पाह्य. तोंडात चाखनं होतं म्हनून शब्द जाड निघाले. म्हने, आजी, टाके दुखते का? म्हनलं, हो रे.

लय जीव लावते पोरगं.

८ मार्च
बुढा म्हने, आजकाल माहा खर्रा अर्धाच येते. म्हनलं, मोजून राह्यले काऊन? तब्येतीले कमीच बरा.

तोंडात घान चव. मेलेल्या उंदरासारखी. बुधरी दूर सरकून बसते. डॉक्टरबाईचं काम कच्चं दिसते. तंबाखूचं मंजन घासलं, बरं वाटलं. मंजन दाताचंच औषध हाय.

३० मार्च
डावा इस्क्रू जिभेनं ढकलला का हलते. हाड धरत असन, म्हनून हलत असन. रंजीताले सांगितलं नाई. राजदीपसंग फोनवर हासत राह्यते, कशाले तिचा मूड खराब करा. तिनं साखरपुड्याची साडी बी पाहून ठेवली. मोरपंखी.

१२ एप्रिल, रविवार
आले. राजदीपचे दात पांढरे, गाल भरलेले, खिशात बडीशेप. माह्या पाया पडला. म्हने, आजी, तुमच्यामुळं सुटलं. आईले दाखवा इस्क्रू.

मी कवळी काढली, ऐटीत तोंड उघडलं. रुखमाबाईनं नाकाले पदर लावला. तेवढ्यात डावा इस्क्रू सुटून जिभेवर आला. हातात घेतला. तांबडा, अन् त्याले सुपारीचा तुकडा चिकटलेला. मलेच ओकारी आली.

बुढा वाकून पाहून म्हने, हा तर माहा खर्रा.

रंजीता उठून आत गेली. दार लावलं. राजदीप मले काईच बोलला नाई. बडीशेपची पुडी माह्या हातात ठेवली, बस. बोलला असता तर बरं होतं.

रुखमाबाई म्हने, पोरगी आमाले पसंत. पोरानं शब्द पाळला. अट तुमच्या घरची, मोडली बी तुमच्याच घरी. आजीचं तोंड साफ दिसल्याबिगर साखरपुडा नाई. आता पोरीले नाई, आजीले पाहाले येतो.

रंजीता जेवली नाई. कवळी पुन्हा गिलासात. बुढ्यानं घोटाले सुपारी आनून ठेवली, ती तशीच पडून हाय. बडीशेप चावता येत नाई मले, चोखून राह्यली.

पुढच्या रविवारी येतो म्हनले, एकोनीस तारखेले. मले पाहाले.