कवटीवरचं नाव

लाडक्या डेल्बर्टा,

शाळेने पेटवलेल्या होळीत तुझी दहा भुतांची कॉमिक्स आईने नाही, मी टाकली. दहा दिली की एक सद्वर्तनाचं पुस्तक मिळायचं. तू आईशी कायमचं बोलणं टाकलंस आणि मी गप्प बसलो.

सत्तर वर्षांत नऊ अंक पुन्हा जमवले. आज डेटनच्या जुन्या बाजारात दहावा सापडला. कडा करपलेल्या, आणि मुखपृष्ठावर रंगवलेल्या कवटीवर पेन्सिलीने तुझं नाव!

विक्रेता म्हणाला, "आजोबा, नावामुळे अंकाला कुणी विचारत नाही. पुसून देऊ?"

"कवटी पूस हवी तर. नावाला हात लावू नकोस."

दहाही बांधून ठेवलेत. पण हे पत्र टाकवत नाही गं. वाचलंस, तर तुला आईची माफी मागावीशी वाटेल, आणि ती कुठे आहे आता?

थकलेला तुझा दादा,
ऑरिन