पाच विकावीत, एक ठेवावं

मी, खाली सही करणारा, वय वर्षं तेवीस, शिक्षण अर्धवट, घरात आणि गल्लीत 'भडकू' म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कोणावरही न चिडता लिहीत आहे. शेवटचं विधान खोडायला वकीलकाकांनी दोनदा सांगितलं. मी ते ठेवलं आहे.

मला कुठलाही आजार नाही आणि मरायची अजिबात घाई नाही. सोमवारी मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत मदतनीस म्हणून रुजू होतोय. कंपनीच्या कारकुनाने "वारस कोण?" विचारून कागद पुढे सरकवला, म्हणून हे लिहिणं आलं. खालच्या मजल्यावरचे वकीलकाका म्हणाले, "तुझ्याकडे वाटून द्यायला आहे काय? राग?" तो मी कोणालाच देत नाही. बाकीचं असं.

कलम १. माझा ड्रॉइंग बोर्ड बाबांना. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. "त्याला सांग, जेवायला ये म्हणून." मी समोरच बसलेला असतो. बोर्डाच्या मागे मी पेन्सिलीने दोन ओळी लिहून खोडल्या आहेत. उजेडात तिरका धरला की वाचता येतात.

कलम २. विभागप्रमुखांना काही नाही. मी नक्कल केली असं ते भर वर्गात म्हणाले, तेव्हा मी उत्तरपत्रिका फाडून त्यांच्या टेबलावर ठेवली. नक्कल मी केली नव्हती. फाडली मात्र मीच. माफीपत्र दिलंस तर परत घेतो, असा त्यांचा निरोप होता. ते माफीपत्र त्यांना माझ्या पश्चातही मिळू नये, अशी वारसांना सक्त ताकीद आहे.

कलम ३. सायकल धाकट्या बहिणीला. घंटी वाजत नाही, ओरडावं लागतं. तिला ते जमतं. धाकटीला या कागदावर साक्षीदार व्हायची फार हौस होती. वकीलकाका म्हणाले, "साक्षीदाराला वाटा मिळत नसतो हं." ती म्हणाली, "मग राहू दे. सायकल बरी."

कलम ४. मामाची घड्याळं. हे कलम लांबेल.

मामा जहाजावर इंजिनिअर होता. लग्न केलं नाही. दर मोठ्या सफरीनंतर त्याने एक उंची घड्याळ घेतलं, आणि अशा सहा सफरी झाल्या. चंद्राच्या कला दाखवणारं सोन्याचं, पाणबुड्यांचं जाडजूड, शर्यती मोजायचं दोन बटणांचं, बिस्किटाएवढं पातळ एक, काळ्या तबकडीचं एक, आणि निळ्या तबकडीचं पोलादी. गेल्या वर्षी तो गेला. पेटीत चिठ्ठी होती: "पाच विकावीत आणि धाकटीचं शिक्षण पुरं करावं. 'पुरं' हा शब्द भडकूने दोनदा वाचावा. एक त्याने ठेवावं. ठेवेल ते रोज हाताला बांधावं, ही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात. पेटीत ठेवली की बंद पडतात."

मामा समुद्रावर असला की घड्याळं माझ्या ताब्यात असायची. वर्षभर मी ती एकेक करून गल्लीच्या टोकाच्या घड्याळजींच्या दुकानात नेत होतो. घड्याळजी काउंटरवर बसत. आतल्या बाकावर डोळ्याला भिंग लावून त्यांची मुलगी दुरुस्ती करायची. माझी तक्रार ठरलेली: "हे मागे पडतंय."

ती घड्याळ कानाशी धरायची, वेळ तपासायच्या यंत्रावर लावायला ठेवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायची. "घड्याळ बरोबर आहे. तूच पुढे पळतोयस."

पुढच्या आठवड्यात मी दुसरं घेऊन हजर. तिला कळत होतं, मला कळत होतं, काउंटरवरच्या घड्याळजींनाही कळत होतं. ते पावती फाडताना खाली बघून हसायचे. एकदा तिने भिंग काढून सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुला काही विचारायचंय का? की दर आठवड्याला घड्याळच मागे पडणार?"

मी म्हणालो, "काही नाही." विभागप्रमुखांसमोर पेपर फाडणारा मी, तिथे पावतीची घडी करत बाहेर पडलो.

मग तो मंगळवार. पोलादी घड्याळ घ्यायला गेलो, तर एक गिऱ्हाईक बाकापाशी उभं होतं. ती त्याच्या मनगटाभोवती पट्टा धरून हसत होती. पट्ट्याचं माप घेत होती, दुसरं काही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मनगट धरायची सवय सगळ्यांच्या बाबतीतच आहे वाटतं!"

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "पावती दे. घड्याळ घे. पुन्हा इथे येऊ नकोस." मी दारापर्यंत गेल्यावर एवढंच म्हणाली, "कधीतरी तोंड उघडायच्या आधी विचार कर रे."

मी ते घड्याळ पेटीत टाकलं आणि पुन्हा हाताला बांधलं नाही. आठ महिन्यांनी तिचं लग्न झालं. नवरा दुसऱ्या शहरात चष्म्याचं दुकान चालवतो. धाकटी लग्नाला जाऊन आली. म्हणाली, "दादा, माणूस चांगला आहे." वाईट असता तर मला बरं पडलं असतं.

काल पाच घड्याळं न्यायला जुन्या घड्याळांचा व्यापारी येणार होता. कुठलं ठेवायचं ते माझं ठरलेलं होतं: चंद्राचं सोन्याचं. सगळ्यांत भारी तेच, आणि मला भारी तेच हवं असतं. पण व्यापाऱ्याला मागची झाकणं उघडून आतले फोटो हवे होते. मी मामाच्या हत्याराने सहाही उघडली.

घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसत नाही. तिची खूण तीन ठिपके. सोन्याच्यात नऊ तारखा, नऊदा तीन ठिपके. जाडजूडात सात. मी बिघाड नसलेलं घड्याळ नेलं, तरी ती प्रत्येक वेळी ते उघडून तारीख लिहीत होती. पोलादी घड्याळात तारीख एकच, त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाची. तीन ठिपके, आणि खाली एक शब्द: "विचार".

कालपासून मी त्या एका शब्दाशी भांडतोय. 'मला विचार' असं म्हणायचं होतं? की 'जरा विचार कर', आणि 'कर' लिहायचं राहिलं? मी भिंगातून पाहिलं. झाकणात जागा भरपूर होती. पहिलं असेल, तर ती वाट बघत होती आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन ते बोललो. दुसरं असेल, तर तिने आधीच बजावलं होतं आणि तरी मी ते बोललो. दोन्हीकडून मीच.

सबब, सोन्याच्या घड्याळासह पाच मी व्यापाऱ्याला दिली आहेत. "रडत होतास का?" असं तो विचारायला लागला, तेव्हा त्याला मी बाहेर काढलं. रक्कम धाकटीच्या शिक्षणासाठी आईकडे आहे. तिने शिक्षण पुरं करावं. पुरं. पोलादी घड्याळ मी जिवंत आहे तोवर माझ्या हातावर राहील. माझ्या पश्चात ते धाकटीला मिळावं, मात्र झाकण आतून कधीही घासून पॉलिश करू नये.

कलम ५. घड्याळजींच्या मुलीला वस्तू काही नाही. तिच्या घरात माझी वस्तू नको. तिला माझं माफीपत्र, हेच. मी आजवर कोणालाही दिलेलं नाही, हे पहिलं. वकीलकाका म्हणतात, माफी ही मिळकतीत धरत नाहीत. तरी मी लिहिलं आहे.

साक्षीदार क्र. १: खालच्या मजल्यावरचे वकीलकाका. (सही)

साक्षीदार क्र. २: घड्याळजी. जहाजावर जायचं तर झाकणात पाणी शिरू नये म्हणून रबराची कडी नवी बसवून घ्यायला आज मी आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या दुकानाची पायरी चढलो, आणि दुसरा साक्षीदार म्हणून त्यांनाच विनंती केली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्यांनी सगळा वाचला. कलम ४ दोनदा. मग झाकण भिंगाखाली धरलं. ते जे बोलले ते त्यांच्या परवानगीने इथे जोडतो:

"हे आमच्या दुकानातलं लिहिणं आहे, बाळ. आतला एखादा जुना भाग बदलावा लागणार असेल, तर आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, म्हणून झाकणात आम्ही 'विचार' लिहून ठेवतो. मीच शिकवलंय तिला."

मी म्हणालो, "म्हणजे एवढंच?"

त्यांनी घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं, बराच वेळ. "पण यात बदलण्यासारखं काहीच नव्हतं," ते म्हणाले. मग भिंग काढलं आणि डोळे पुसले. "लावू झाकण?"

"लावा."

(सही)

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (सही)

ठिकाण: घड्याळजींचं दुकान, आतला बाक.
दिनांक: जहाजावर चढण्याआधीचा शनिवार.
वेळ: चार वाजून दहा मिनिटं. घड्याळ बरोबर आहे.