हडळीला उत्तर देणारी सासू

१ फेब्रु., रवि.
मंडळाची सभा. पाऊण तास बोलले, घसा पुन्हा बसला. खाली उतरले तर प्रशांत उभा. नारपोलीत वडिलांचे कापडाचे लूम चालवतो, उरलेल्या वेळात हौशी नाटकं बसवतो. म्हणाला, "मॅडम, यंदा हडळीची ती जुनी गोष्ट करतोय. सासूसाठी ऑडिशन द्याल?"
हसलेच. तीस वर्षं भूत, भगत, करणी यांच्याविरुद्ध बोलत फिरणारी बाई मी! म्हटलं, सासू कशाला, हडळच दे. तर म्हणतो, "हडळ दिसतच नाही, मॅडम. नुसता आवाज. भीती सगळी सासूच्या तोंडावर."
ती गोष्ट शाळेत असताना मासिकाच्या पिवळ्या पानांत वाचली होती, पाय पांघरुणात ओढून. बाळंतपणात मेलेली सून रोज तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर येते आणि विचारते, "बाळ निजलं का?" सासूने म्हणायचं, "अजून नाही." निजलं म्हटलं की ती आत येणार, बाळाला नेणार. बस्, एवढंच. पण काय गोष्ट आहे!
हो म्हणून आले. घरी येईपर्यंत कळलं की मला ती भूमिका हवीच आहे. आयुष्यभर स्वतःचीच वाक्यं बोलले. दुसऱ्याने लिहिलेले दोन शब्द मला बोलता येतात का, ते बघायचंय. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

३ फेब्रु., मंगळ.
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. "अगो, तू हडळीलाच निवेदन देशील. वर विषय, खाली सही."
मोरे सरांपर्यंत बातमी पोचली. मंडळाचे अध्यक्ष, वीस वर्षं बरोबर फिरतो आहोत. फोनवर आवाज थंड. "ताई, तुम्ही हडळीच्या नाटकात? आणि रविवारी कोणत्या तोंडाने पाड्यावर जाणार?"
म्हटलं, सर, याच तोंडाने. गोष्टीतल्या भुताला घाबरणं वेगळं आणि भुताचं नाव घेऊन शेजारणीला मारणं वेगळं. पहिलं बंद केलं तर माणसाकडे गोष्टी उरणार नाहीत. दुसरं बंद करायला मी मरेपर्यंत बोलेन. बरंच बोलले. सरांनी "बघा" म्हणून फोन ठेवला.
वाक्य चांगलं झालं होतं. रविवारी वापरावं.

५ फेब्रु., गुरु.
ऑडिशन. फजिती.
प्रशांतने एक जुनी शेड रिकामी केली आहे. लूम विकले, जमिनीत बोल्टची भोकं तेवढी राहिली, भिंतींना तेलाचा वास. शेजारच्या कारखान्याची खटखट अखंड. त्यामुळे मी सवयीने आवाज चढवला. बाहेरून प्रशांत बाईच्या आवाजात: "बाळ निजलं का?" मी उजवा हात वर करून: "अजून नाही!" आणि थांबले. टाळीसाठी. खरंच थांबले. दारातून बघणाऱ्या दोन कामगारांनी वाजवलीसुद्धा. एक म्हणाला, "भाषण देखने आया था, नाटक कब है?"
पाच वेळा म्हणून घेतलं. पाचव्यांदा प्रशांत आत येऊन बाकड्यावर बसला. "मॅडम, राग येणार नसेल तर बोलतो. तुम्ही तिला पटवून देताय. की बाई, तू नाहीसच."
"नाहीच ती!"
"नाटकात आहे."
मग म्हणाला, लहानपणी कधी घाबरला असाल ते सांगा. मी मावशीची गोष्ट सांगितली. आईची धाकटी बहीण अंजूरला आमच्या घरी बाळंत झाली आणि गेली. मी सहा वर्षांची. तिने बाळासाठी परत येऊ नये म्हणून आजीने स्मशानापासून घरापर्यंत वाटेवर मोहरी टाकली. हडळ दाणे मोजत बसते, उजाडतं, परत जाते, अशी समजूत.
सांगून झाल्यावर प्रशांत मान खाली घालून म्हणाला, "हे मी दहावीत असताना तुमच्या व्याख्यानात ऐकलंय. मोहरी म्हणताना असाच हात केला होता तुम्ही."
कान गरम झाले.
माझ्यानंतर शबाना. प्रसूतिगृहात नर्स आहे. मराठी मोडकं, मधूनच हिंदी. पण कागद हातात घेतला आणि आधी खाली बघितलं, कुशीत बाळ असल्यासारखं. मग उत्तर दिलं.
दोघींना १३ तारखेला परत बोलावलंय. शुक्रवारी शेजारचे लूम बंद असतात.

६ फेब्रु., शुक्र.
दिवसभर चिडचिड. पोरगा मला शिकवतो! दुपारी चीड गेली, उरलं ते वेगळंच.
खरं म्हणजे मावशीची गोष्ट मी पूर्ण कधीच सांगितलेली नाही. भाषणात नाही, ह्यांनाही नाही. इथे लिहिते.
त्या संध्याकाळी मी वाटेवरची मोहरी वेचली. सगळी नाही, घराजवळची. मावशी मला वेण्या घालायची. मला ती यायला हवी होती. मूठभर दाणे फ्रॉकच्या खिशात घातले, आणि अंधारून आल्यावर लक्षात आलं की आता ती खरंच येईल आणि ती माझ्यामुळे येईल. माळ्याखाली जाऊन बसले. तिथेच झोपले.
उद्या आईकडे जाते.

७ फेब्रु., शनि.
अंजूर. रिक्षावाला गोदामांच्या गल्ल्यांत दोनदा चुकला, मीही चुकले. शेतं होती तिथे पत्रे.
आई ऐंशी पार. कान तिखट आहेत, जीभ त्याहून. दारातच म्हणाली, "आज कोनचा भाषन नाय वाटतं?"
विलास जेवायला आला होता. मावशीचं ते बाळ. आता बावन्न वर्षांचा, दोन गोदामांचा मालक, ढेरी सुटलेली. आईने त्याच्या ताटात दुसरा बोंबील माझ्या आधी वाढला. नेहमीचंच. तो गेल्यावर विषय काढला. आई, मोहरी आठवते?
"कोनी येचली ती पन आठवते. तुज्या फ्रॉकाच्या खिशान गावली, धुताना."
बावन्न वर्षं हिला माहीत होतं!
"मग बोलली का नाहीस?"
"काय बोलू? मीच मागचा दार सात दिस उगडा ठेवला व्हता. सासू निजली का कडी काढाची."
"कशाला?"
"आली त सांगाला. बाल माज्याजवल हाय, दूध पितंय, तू जीव टांगून नको ठेवू." मग पान जुळवत, सहज, "आली न्हाय. रोज वाटाचा, उद्या येल."
मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, "वाटली ना. दात वाजत व्हते. त्यान काय, बहीन व्हती."
मी या बाईला तीस वर्षं व्यासपीठावरून 'आमच्या घरातल्या अडाणी बायका' म्हणत आले. एकदा ठाण्याच्या सभेत तसं म्हटलं तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. नवं लुगडं नेसून आली होती, लेकीचं भाषण ऐकायला. सभेनंतर फक्त म्हणाली होती, "पानी पी, घसा सुकला."
माफी मागितली आज. नीट जमली नाही, वाक्यं लांब झाली. "पुरे झाला," म्हणाली, "बोंबील नेतेस का बांधून?"
नेले.

८ फेब्रु., रवि.
अकलोलीच्या पुढचा पाडा. मोरे सर, मी, आणखी दोघे. पाड्यावर एका विधवेला डाकीण ठरवायचं चाललं आहे. तिच्या अंगणात लिंबं फेकतात. ती मागे, झाडाला टेकून बसली होती, डोक्यावर पदर ओढून.
बोलले. कायदा सांगितला, शिक्षा सांगितली, तिथे आवाज हवा तेवढा चढवला आणि त्याची मला काडीची लाज नाही. भूत नाही, डाकीण नाही. आहे तो शेजाऱ्याच्या जमिनीचा लोभ. हे आजही तितक्याच जोरात लिहिते.
मग नेहमीप्रमाणे मावशीची गोष्ट सुरू केली. मोहरीपाशी आले आणि पुढचं ठरलेलं वाक्य तोंडातून निघेना. थांबले. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मंग, बाय? आली का ती?"
म्हटलं, नाही आली. माझी आई दार उघडं ठेवून बसली होती. ती तिची बहीण होती.
तीच म्हातारी उठली, मागे गेली आणि त्या विधवेच्या शेजारी जाऊन बसली. एवढंच झालं. याने काही बदललं असं म्हणत नाही. लिंबं उद्याही पडतील, पोलीस पाटलाला पुन्हा भेटायचं आहे. पण ती शेजारी बसली.
परतताना जीपमध्ये मोरे सर: "आज भाषण लहान झालं."
"हो सर."
"वाईट नव्हतं."

१० फेब्रु., मंगळ.
शबानाला फोन केला, एकत्र वाचूया का म्हणून. आपण एकाच भूमिकेसाठी आहोत, हे तिला विचित्र वाटलं असणार. ड्युटी सुटल्यावर पांढऱ्या बुटांतच आली. हे चहा करून देऊन गुपचूप आत गेले. त्यांनाही तालीम ऐकायची होती.
विचारलं, उत्तर द्यायच्या आधी खाली का बघतेस?
"मॅडम, बाळाने ऐकू नये म्हणून. आमच्याकडे बाई गेली ना, की घरचे वॉर्डातच जोरात बोलतात. मैं पहले बच्चे का कान ढाकती हूँ. समझता कुछ नहीं, फिर भी."
हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नसतं मी. आणि घरात चार कपाटं भरून पुस्तकं.
मग माझी पाळी. ती पडद्याआड जाऊन सुनेचा आवाज काढू लागली. साधाच आवाज, दमलेल्या बाईचा. "बाळ निजलं का?" आणि मला एकदम आईचं ते 'उद्या येल' ऐकू आलं. सासू तिला घालवत नाहीये! 'अजून नाही' म्हटलं की ती उद्या पुन्हा येणार. बाळही राहील, सूनही रोज दारापर्यंत येत राहील. म्हातारीला दोघंही हवेत. म्हणून घाबरते आणि म्हणून खोटं बोलते.
शबानाला सांगितलं. ती म्हणाली, "ये तो मैं भी करूँगी अब. चालेल?"
चालेल म्हटलं. मनातून किंचित दुखलं, ते खोटं कशाला लिहू. पण तिचं ते बाळाचा कान झाकणं मीही घेतलंच आहे.

१३ फेब्रु., शुक्र.
दुसरं वाचन. रस्त्यात प्रशांत भेटला, म्हणाला, "शुक्रवार आणि तेरा तारीख, इंग्रजी अपशकुन, मॅडम." मी नुसतं बघितलं. "सॉरी," म्हणाला.
लूम बंद. नारपोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. आपलाच श्वास मोठा वाटतो.
शबाना आधी. चादरीची वळकटी बाळ म्हणून. तिने कान झाकला, दाराकडे बघितलं, आणि आशेने, अगदी आशेने म्हणाली, "अजून नाही." माझ्या अंगावर काटा आला. मी! दाराबाहेर प्रशांत उभा आहे हे माहीत असून मी दाराकडे बघितलं.
मग मी. हात खाली राहावेत म्हणून वळकटी दोन्ही हातांनी धरली. प्रश्न आला. आईचं मागचं दार आठवलं, कडीचा आवाज आठवला. मग काही आठवलं नाही. शब्द बोलले, ते मलाच जेमतेम ऐकू आले. टाळीसाठी थांबले का? नाही. पुढे काय करायचं तेच सुचेना, म्हणून वळकटी थोपटत राहिले.
प्रशांत बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "उद्या संध्याकाळी घरी येऊन सांगतो. फोनवर नको." शबानालाही तसंच म्हणाला.
रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघी चालत आलो. ती: "आपको मिला तो मैं प्रॉम्प्टिंग करूँगी." मी: "तुला मिळालं तर मी." ती: "आप नहीं कर पाओगी मॅडम, चुप बैठना पड़ता है उसमें." रस्त्यात उभ्याने हसलो.

१४ फेब्रु., शनि.
सकाळी आईचा फोन, विलासच्या मोबाइलवरून. "झाला का तुजा नाटक?" अजून नाही म्हटलं. "मंग बोंबील खाल्लेस का?"
दुपारी मोरे सर. कोणाचीही निवड होवो, दोन तिकिटं ठेवा म्हणाले. मग घुटमळत, "पुढची रांग नको, ताई. मला... अशा गोष्टींची लहानपणापासून जरा भीती वाटते. मंडळात बोलू नका." वीस वर्षांत या माणसाने मला सांगितलेली ही पहिली खाजगी गोष्ट. फार माया वाटली त्यांच्याबद्दल.
दोन आठवड्यांत किती जणांनी किती दिलं मला, आणि ते काही माझ्या व्याख्यानामुळे नव्हे! आधी प्रशांतचे आभार मानायचे, तो काहीही सांगो. ते त्याचं ऐकण्याआधी बोलून टाकावं, नंतर बोलले तर खोटं वाटेल.
पाच वाजून गेले. कोपऱ्यावर त्याची स्कूटर दिसते आहे. रस्ता खणलाय म्हणून उतरून ढकलत आणतो. हे खिडकीशी उभे. "हसतो का गो तो? माला चष्म्याशिवाय न्हाय दिसत. तू बघ."
मी बघत नाही. त्याने स्कूटर लावली. जिन्यात पावलं. हे म्हणतात, उठ, दार उघड. वही मिटते आणि उठते. आधी आभार.