डाव्या अंगाचा बैल

आप्पा,

आज गुरुवार. सकाळी दळण आणलं, दुपारी बीडला जपानीच्या वर्गाला गेले आणि संध्याकाळच्या एसटीने लिंबागणेशला परतले. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायचं काम मिळतं. उद्या त्याची मुलाखत आहे.

बाईंनी आज उपजत गुणांचे शब्द घेतले. उमारेत्सुकी म्हणजे जन्मतःच असलेलं. सोशित्सु म्हणजे अंगात असलेलं, पण वाढवलं तर वाढणारं. तुमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता, खोड. बैलाच्या अंगावरचा भोवरा गिऱ्हाइकाला दाखवावा तसं पाहुण्यांना सांगायचात, "पोरीत खोड हाय." मी डावरी होते, एवढंच.

चुलीपुढे मी डाव्या हाताने भाकरी थापायला घेतली, त्या दिवशी तुम्ही त्या हाताला फडकं गुंडाळून गाठ मारलीत. आई खाली बघत राहिली. त्याच आठवड्यात तुम्ही माजलगावहून बैल आणला. तो जोडीत डाव्या अंगाला चालणारा, आणि आपल्याकडचाही डावाच. काका म्हणाले, नव्याला उजवीकडे जुंपू, होईल सवय. तुम्ही त्यांच्यावर उखडलात. "डाव्या अंगाचा बैल उजवीला जुंपतेत का बे? जलमाचं हाय ते त्याचं. जनावर नासतंय." मी तिथेच उभी होते, फडक्यातला हात पाठीमागे धरून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही, आणि बैलाला पेंड घालायला गेलात.

गावात अजून तुमच्या पारखीचं कौतुक चालतं. मी उठून जाते. जनावरापुरती अक्कल असलेल्या माणसाला लोक जाणता म्हणतात, याचं आता हसूही येत नाही.

वर्गात प्रत्येकाला स्वतःबद्दल एक वाक्य सांगायचं होतं. मी म्हणाले, वाताशी वा उमारेत्सुकी हिदारिकिकी देस. मी जन्मतः डावरी आहे. बाई म्हणाल्या, छान, उद्या हेच सांगा, पण तुम्ही तर उजव्या हाताने लिहिता. पोरी हसल्या. मी वही मिटली. उद्या समोरच्यांनी तेच विचारलं तर काय सांगू? बैलाची गोष्ट सांगण्याइतकं जपानी मला येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. सुरुवात डाव्या हाताने केली होती. "आप्पा" एवढं लिहून झालं आणि पेन उजव्या हातात गेलं, मला कळलंही नाही.

घरात कुणी नाही. परात ओढून बसते. पहिली भाकरी डाव्या हाताखाली फाटली. पीठ गोळा करून पुन्हा त्याच हाताने थापायला घेते.